‘पाली’ हे भाषेचे नाव कसे झाले?



विहारात कुणी वऱ्हाडीत, खानदेशीत धम्म समजावू लागला की ‘शुद्ध बोला’ म्हणून त्याला गप्प करणारे आपल्यातही आहेत. त्यांनी भाषांच्या नावांचा इतिहास जरूर पाहावा.

जुन्या अट्ठकथांत ‘पाली’ म्हणजे मूळ धम्मग्रंथांचा पाठ. त्या पाठाची भाषा ती पालीभाषा. पुढे पाठाचे नावच भाषेला चिकटले. थेरवादी परंपरा या भाषेला ‘मागधी’ म्हणत आली. हे एका जनपदाचे विशिष्ट नाव. ‘प्राकृत’ हे मात्र सामान्य नाव. त्यात शौरसेनी, महाराष्ट्री अशा अनेक भाषा येतात.

विशिष्ट आणि सामान्य यांतला हा फरक किती मोलाचा आहे, ते चुल्लवग्गात दिसते. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तक्रार केली की, नाना जातिकुळांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात. ते छंदात, म्हणजे वैदिक वळणाच्या भाषेत घालू द्या. बुद्धांनी त्यांना फटकारले आणि बुद्धवचन ‘सका निरुत्ति’मध्ये शिकण्याची अनुज्ञा दिली.

‘सका’ म्हणजे स्वतःची. पण कुणाची? पाचव्या शतकात बुद्धघोषांनी अर्थ लावला : बुद्धांची, म्हणजे मागधी. सर्वांना लागू होणारा सामान्य शब्द एका विशिष्ट भाषेपुरता उरला! मला हा अर्थ पटत नाही. तक्रारच भिक्खूंच्या आपापल्या बोलींविरुद्ध होती. मग तिला दिलेले उत्तर एकाच भाषेपुरते कसे असेल? शिवाय अरणविभंग सुत्तात बुद्ध सांगतात की, एकाच भांड्याला जनपदाजनपदांत वेगवेगळी नावे आहेत. ‘हेच खरे’ असा हट्ट धरू नका.

याचा अर्थ पाली सोडा असा नाही. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा शब्दकोश तयार केला. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्रिशरण-पंचशील पालीतून झाले आणि २२ प्रतिज्ञा बाबासाहेबांनी मराठीतून दिल्या. लाखोंना त्या कळल्या, म्हणूनच त्यांनी जगणे बदलले.

तेव्हा पाली शिका, अर्थासह शिका. पण आजीला धम्म सांगताना आजीच्याच बोलीत सांगा. तीच तिची ‘सका निरुत्ति’ आहे. तिला अशुद्ध म्हणणारा त्या दोन भिक्खूंचीच तक्रार पुन्हा करतो आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!