दीक्षित की दिवेकर, आणि शिवाजी पार्कच्या चार फेऱ्या: वजन कमी करण्याबद्दल काय खरं, काय खोटं?

पहाटे साडेपाचला दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती चालणाऱ्यांची रांग सुरू होते. कोणी पोटाला प्लास्टिक गुंडाळून धावतं, कोणी येण्याआधी गरम पाण्यात मध-लिंबू घेऊन आलेलं असतं, तर कोणी ‘गुडघे जातील’ म्हणून धावणं टाळतं. गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह आणि पाच उद्यान इथेही चित्र असंच असतं. यातल्या बऱ्याच सवयी व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजमधून लागलेल्या असतात. त्यांतल्या काही निरुपयोगी आहेत, काही उपयोगी आहेत आणि एक-दोन धोकादायक आहेत.

दोनदा खायचं की दर दोन तासांनी?

२०१८-१९च्या सुमारास मराठी घरांमध्ये हा वाद चांगलाच रंगला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं म्हणणं होतं की कडकडून भूक लागेल त्या दोनच वेळा जेवावं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावं. ही मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची असल्याचं दीक्षित स्वतः सांगतात. मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या पुस्तकातला सल्ला मात्र दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचा होता. एकाच कुटुंबात काका दीक्षितांच्या बाजूने आणि काकू दिवेकरांच्या बाजूने, असंही घडत होतं.

दोन्ही बाजूंना वजन कमी झालेली माणसं सापडतात. याचं कारण खाण्याच्या वेळांपेक्षा दिवसभरात पोटात गेलेल्या एकूण अन्नात आहे. दोनदाच जेवणाऱ्याची अधलीमधली बिस्किटं, फरसाण आणि साखरेचे चार चहा आपोआप सुटतात. वेळेवर थोडं थोडं खाणाऱ्याला रात्री अकराला भुकेने फ्रिज उघडावा लागत नाही. दोघांच्याही कॅलरी कमी होतात, रस्ता तेवढा वेगळा असतो.

२०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये चीनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लठ्ठपणा असलेल्या १३९ जणांना वर्षभर कमी कॅलरीचा आहार दिला गेला. निम्म्यांना तो सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खायचा होता, उरलेल्यांना वेळेचं बंधन नव्हतं. वेळ पाळणाऱ्यांचं वजन सरासरी ८ किलोने, तर इतरांचं ६.३ किलोने घटलं. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

निष्कर्ष: जी पद्धत वर्षभर पाळता येईल ती चांगली. मात्र एक अपवाद महत्त्वाचा आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने जेवण कमी केलं, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं आहेत. अशा रुग्णांनी आहार बदलण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचा डोस ठरवून घ्यायलाच हवा.

‘रोज धावलं की काहीही खाल्लं तरी चालतं’

हे गणित शिवाजी पार्कवरच मांडून पाहता येतं. मैदानाभोवतीची एक फेरी सुमारे १.२ किलोमीटरची आहे. धावताना ढोबळमानाने दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या एका किलोमीटरला ७० कॅलरी.

आता दादर स्टेशनबाहेरचा वडापाव. १९६० च्या दशकात तो इथेच जन्मला, असं सांगितलं जातं. आकार आणि तेलानुसार एका वडापावात साधारण ३०० कॅलरी असतात. तो ‘जाळायला’ शिवाजी पार्कच्या जवळपास चार फेऱ्या धावाव्या लागतील. खायला मात्र चार मिनिटं पुरतात.

म्हणून वजन उतरवण्यात मोठा वाटा ताटाचा असतो. व्यायामाचं काम वेगळं आहे: उतरलेलं वजन टिकवणं, स्नायू राखणं, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं. वजनकाटा हलला नाही तरी हे फायदे मिळतातच. त्यामुळे ‘महिनाभर धावलो, काही फरक नाही’ म्हणून बूट माळ्यावर टाकणं ही चूक ठरते.

‘घाम जास्त, चरबी कमी’

मुंबईच्या दमट हवेत घाम भरपूर येतो आणि वाळत नाही. पण घाम म्हणजे शरीर थंड ठेवण्यासाठी बाहेर टाकलेलं पाणी. तासाभरात एक किलो वजन कमी दिसलं तर एक लिटर पाणी गेलं, एवढाच त्याचा अर्थ. दोन तांबे पाणी प्यायलं की ते परत येतं. पोटाला प्लास्टिक किंवा ‘स्वेट बेल्ट’ बांधल्याने तिथली चरबी वितळत नाही. कोणत्या भागातली चरबी आधी जाईल हे व्यायाम ठरवत नाही, अनुवंशिकता आणि हार्मोन्स ठरवतात. उलट दमट हवेत अंग झाकून धावल्यास उष्माघाताचा धोका वाढतो.

‘भात सोडा, गूळ घ्या, मध-लिंबू प्या’

*भात:* १०० ग्रॅम कच्चा तांदूळ आणि १०० ग्रॅम गव्हाचं पीठ यांतल्या कॅलरी जवळपास सारख्याच असतात, साधारण ३२० ते ३६०. चपातीत तंतुमय भाग जास्त असतो आणि ती मोजून खाल्ली जाते. भात मात्र आमटीबरोबर नकळत दुसऱ्यांदा वाढून घेतला जातो. भात बंद करण्याऐवजी वाटीने मोजला तरी काम होतं. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६०९ जणांच्या अभ्यासात कमी कर्बोदकांचा गट आणि कमी स्निग्धांशाचा गट यांच्यात वर्षअखेरीस वजनात लक्षणीय फरक आढळला नव्हता.

*गूळ:* साखरेत ग्रॅममागे ४ कॅलरी, गुळात त्याहून किंचित कमी. गुळात थोडी खनिजं असतात, पण त्यासाठी गूळ खायचा तर इतका खावा लागेल की वजन वाढेल.

*मध-लिंबू पाणी:* चरबी वितळवण्याचा गुण यात नाही. साखरेच्या चहाऐवजी घेतलं तर थोडा फायदा, चहाबरोबर घेतलं तर एक चमचा साखर वाढली.

*उपवास:* साबुदाणा जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमपेक्षाही कमी. त्यात शेंगदाण्याचं कूट, बटाटा आणि तूप पडलं की एका ताटलीत पूर्ण जेवणाएवढ्या कॅलरी होतात. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही.

*तेल:* ग्रॅममागे ९ कॅलरी. तेल सूर्यफुलाचं असो वा ऑलिव्हचं, यात फरक नाही.

‘प्रोटीन म्हणजे पावडर’

निरोगी प्रौढांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची शिफारस दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. मटकीची उसळ, डाळ, दही, अंडी, मासे, चणे-शेंगदाणे यांतून हे जमतं. अडचण ही की आपल्या ताटात उसळ वाटीभर आणि भात डोंगराएवढा असतो. हे प्रमाण बदललं तर पोट लवकर भरतं आणि वजन उतरताना स्नायूही कमी झिजतात.

‘धावलं की गुडघे जातात’

हौशी धावणाऱ्यांबाबत पुरावा उलट सांगतो. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांध्यांची झीज हौशी धावणाऱ्यांमध्ये ३.५ टक्के, बैठी जीवनशैली असणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३ टक्के आढळली. अर्थात आधीच गुडघा दुखत असेल किंवा वजन खूप जास्त असेल, तर सुरुवात चालण्यापासूनच करावी.

नवख्यांना दुखापत होते ती बहुधा घाईमुळे. दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे फोटो पाहून उत्साह चढतो आणि पहिल्याच दिवशी पाच किलोमीटरचा बेत ठरतो. १९९६ पासून जगभर वापरला जाणारा ‘काउच टू फाइव्ह के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम पहिल्या आठवड्यात फक्त एवढंच सांगतो:

- ५ मिनिटं भरभर चालणं
- मग ६० सेकंद हळू धावणं, ९० सेकंद चालणं, असं २० मिनिटं
- आठवड्यातून तीन दिवस, मध्ये विश्रांती

वेग किती असावा? शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतका. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे. ‘दर आठवड्याला अंतर १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये’ हा नियमही पाळायलाच हवा असा नाही. नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या धावपटूंवर तो तपासला गेला, तेव्हा दोन्ही गटांत दुखापती जवळपास सारख्याच झाल्या. नियमापेक्षा शरीराचं ऐकणं महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशीही न ओसरणारं किंवा एकाच जागी टोचणारं दुखणं हा थांबण्याचा इशारा आहे.

वजन किती असावं?

भारतीयांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनातच गाठतात, म्हणून आपल्यासाठी मर्यादा कडक आहेत. बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरला जातो. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी या रेषा साधारण ६६ आणि ७२ किलोवर येतात. त्याहून सोपी खूण म्हणजे कमरेचा घेर: पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत. हातपाय सडपातळ आणि पोट पुढे, अशा माणसाला काट्यापेक्षा टेपच खरं सांगते.

कुणी आधी डॉक्टरांना भेटावं?

हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब असलेल्यांनी, तसंच चालताना छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवणाऱ्यांनी. धावताना छातीत दुखलं तर ‘गॅस असेल’ म्हणून फेरी पूर्ण करू नये. तिथेच थांबावं, सोबत्याला सांगावं आणि थेट रुग्णालय गाठावं.

थोडक्यात

- रोज ३०० कॅलरी कमी झाल्या तर सुरुवातीला महिन्याला सुमारे एक किलो उतरतं. ‘सात दिवसांत सात किलो’ हे मुख्यतः पाणी असतं.
- कोणतंही एक अन्न वजन वाढवत नाही, कोणतंही एक पेय ते उतरवत नाही.
- ताटाने वजन उतरतं, चालण्या-धावण्याने ते टिकतं.
- हळू सुरुवात करणारेच सहा महिन्यांनंतरही कट्ट्यावर दिसतात.