धक्का सोसायचा कुणी? : सायकलच्या चिमट्याची गोष्ट

शाळेतला एखादा विद्यार्थी नवी सायकल घेऊन येतो. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाडजूड नळ्या असतात आणि हँडल दाबले की त्या आत सरकतात. मधल्या सुट्टीत मुले भोवती जमतात, आळीपाळीने हँडल दाबून पाहतात. ‘शॉकअपची आहे’ असे मालक अभिमानाने सांगतो. ज्याची सायकल साध्या चिमट्याची असते तो थोडा हिरमुसतो. मग कुणीतरी विचारतेच, ‘सर, यांतली चांगली कोणती?’

भोर आणि वेल्हे परिसरातल्या शाळेत हा प्रश्न केवळ हौसेचा नसतो. नसरापूरहून विंझरमार्गे वेल्ह्याला जाणारा किंवा भोरहून हिरडोशीकडे वरंधा घाट चढणारा मुख्य रस्ता डांबरी आहे. पण तेथून वाडीकडे वळले की मुरूम, सुटे दगड, ओढ्यातली वाट आणि पावसाळ्यात चिखल. या वाटांवर रोज सायकल चालवणाऱ्या मुलाच्या मनगटांना आणि पाठीला धक्के बसतातच. घरातले पैसे बेताचे असतात आणि सायकल एकदाच घ्यायची असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे. त्यासाठी थोडे मागे, अगदी चाक नव्हते तिथपर्यंत जाऊ.

चाकाशिवायचा उपाय

सह्याद्रीत धक्क्यांवरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे चाक न वापरणे. वेल्ह्याच्या पश्चिमेला केळदजवळून मढेघाट कोकणात उतरतो. सिंहगडावर १६७० साली तानाजी मालुसरे पडल्यावर त्यांचा देह याच वाटेने उमरठला नेला, अशी परंपरा सांगितली जाते. अशा घाटवाटांवर बैलगाडीचा उपयोग नव्हता. कोकणातले मीठ वर येई आणि देशावरचे धान्य खाली जाई ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. बैलाचा पाय गुडघ्यात वाकतो, दगडावर जरा उंच पडतो, खळग्यात जरा खोल जातो. पाठीवरची गोणी मात्र जवळजवळ एका पातळीवर राहते. धक्का सांधे आणि स्नायू सोसतात.

चाकाला ही सोय नाही. गाडीरस्ता झाल्याशिवाय गाडी येत नाही. खंडाळ्याच्या बोरघाटात (नावामुळे पुष्कळजण हा घाट भोर गावाजवळचा समजतात, तसे नाही) १८३० साली गाडीरस्ता खुला झाला आणि पुणे-मुंबई वाहतुकीचे रूप बदलले. आपल्या बैलगाडीचे लाकडी चाक, त्यावरची लोखंडी धाव आणि तुंब्यातून जाणारी आस यांत कुठेही लवचीकपणा नाही. दगडाचा धक्का धावेतून आऱ्यांत, आऱ्यांतून आसेत आणि तेथून थेट गाडीवानाच्या मणक्यांत जातो. गाडी हळू चालते म्हणूनच तो सुसह्य होतो.

पोलादी पाटे

वेग वाढला तसा प्रश्न तीव्र झाला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला होता : जेवढे बल, त्या प्रमाणात ताण. पण घोडागाड्यांसाठी सोयीची, लंबवर्तुळाकार पाट्यांची स्प्रिंग ओबादाया इलियट यांनी केली ती १८०४ साली. आपल्या टांग्याखाली एकावर एक बसवलेले पोलादी पाटे याच कुळातले. आजही ट्रकच्या मागच्या चाकांपाशी ते दिसतात.

या पाट्यांत एक गोष्ट नकळत साधली गेली होती. गाडी उसळली की पाटे एकमेकांवर घासतात. त्या घर्षणात उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते आणि टांगा दोनचार वेळा डोलून स्थिर होतो. म्हणजे पाटा एकाच वेळी दोन कामे करत होता : धक्क्याची ऊर्जा साठवून ठेवणे आणि ती हळूहळू संपवणे. ही दोन कामे वेगळी आहेत हे लोकांना बऱ्याच उशिरा उमगले. पहिल्या कामाला आपण स्थितिस्थापकता म्हणतो, दुसऱ्याला संदमन. सायकलच्या चिमट्याचे सारे मर्म या फरकात आहे.

हवेची धाव

सायकलची सुरुवात बैलगाडीसारखीच झाली. १८६० नंतर पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून निघालेल्या सायकलींना लोखंडी धाव होती. इंग्रजांनी त्यांना ‘हाडे खिळखिळी करणारी’ असेच नाव ठेवले. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ले यांची ‘रोव्हर’ आली. दोन जवळपास सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी हा आजच्या सायकलचा आराखडा तिच्यात स्थिर झाला. त्याच वर्षी ‘व्हिपेट’ नावाची, सांगाड्यातच स्प्रिंग असलेली सायकलही निघाली. म्हणजे शॉकअपची सायकल ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

मग ती मागे का पडली? १८८८ साली बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर केला. स्कॉटलंडचे रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ सालीच अशा टायरचे पेटंट घेतले होते, पण तेव्हा सायकलच नव्हती. योग्य कल्पनेला योग्य वेळ लागते, ती अशी. हवेच्या टायरने लहान खडे, भेगा, कंगोरे गिळून टाकले. वजन फारसे वाढले नाही, किंमतही आवाक्यात आली. स्प्रिंगच्या सायकली थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या.

आपल्याकडची काळी, दांडीच्या ब्रेकची सायकल याच परंपरेतली. तिचा चिमटा खालच्या टोकाला पुढे वाकवलेला असतो. हा बाक मुख्यतः हँडल नीट वळावे म्हणून असला तरी धक्क्याला तो किंचित लवतो. दुधाच्या किटल्या लादून तालुक्याच्या गावी येणाऱ्यांनी तर आधाराच्या जादा सळ्या लावलेला चिमटा पसंत केला. त्यांना मजबुतीपुढे आराम दुय्यम होता. १९६२ साली इंग्लंडच्या ॲलेक्स मोल्टन यांनी रबराची स्प्रिंग असलेली लहान चाकांची सायकल काढली, तेवढा अपवाद.

डोंगरावरून खाली

पुढचे वळण कॅलिफोर्नियात आले. मरीन परगण्यातल्या टॅमलपाय डोंगराच्या मातीच्या वाटांवरून काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली खाली सोडत. १९७६ साली त्यांनी एका उतारावर शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींना मागे पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. उतार संपेपर्यंत ब्रेक इतका तापे, की तुंब्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या उताराचे नावच ‘रीपॅक’ पडले. डोंगर उतरताना गमावलेली स्थितिज ऊर्जा कुठे जाते हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

त्या गटातल्या जो ब्रीझ यांनी १९७७ साली खास डोंगरासाठी सायकल बांधली. गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची यांनी १९७९ नंतर अशा सायकली विकायला सुरुवात केली. या सर्वांचे चिमटे ताठ होते. मात्र वेग वाढला तसा हवेचा टायर अपुरा पडू लागला. टायर दोनचार सेंटिमीटर दबू शकतो, त्यापुढे रिम दगडावर आपटते.

उत्तर मोटारसायकलीकडे आधीच तयार होते. १९३५ साली बीएमडब्ल्यू कंपनीने एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, आत तेल असलेला चिमटा आपल्या मोटारसायकलींना बसवला होता. आपल्याकडच्या ‘बुलेट’मुळे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. मोटारसायकल शर्यतींच्या जगातून आलेले पॉल टर्नर यांनी १९८९ साली ‘रॉकशॉक्स’ नावाने तोच विचार सायकलसाठी हलका करून आणला. त्यांचा पहिला चिमटा जेमतेम ५० मि.मी. दबत असे. अनुभवी सायकलपटूंनी जादा वजनाबद्दल नाके मुरडली. १९९० साली डुरँगो येथील पहिल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हरबोल्ड यांनी असाच चिमटा लावून उताराची शर्यत जिंकली आणि वाद बराचसा मिटला. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलिंगचा समावेश झाला.

स्प्रिंग साठवते, तेल खर्च करते

आता थोडे गणित. ६० किलो वजनाच्या स्वाराचा सुमारे ४० टक्के भार पुढच्या चाकावर येतो असे धरू. तो २४ किलो, म्हणजे सुमारे २४० न्यूटन होतो. १२० मि.मी. सरकणारा चिमटा या भाराने ३० मि.मी. बसला, तर त्याची ताठरता दर मिलिमीटरला ८ न्यूटन झाली. अशा स्प्रिंगची नैसर्गिक वारंवारता काढली तर ती सेकंदाला सुमारे ३ कंपने येते.

कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटलेल्या असतात. त्या एकेक मीटर अंतरावर असल्या आणि सायकल सेकंदाला ३ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने गेली, तर सेकंदाला ३ धक्के बसतील. झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिले की तो उंच जातो. तसेच येथे घडते. हे अनुस्पंदन होय. नुसती स्प्रिंग असेल तर हँडल नाचू लागेल, आणि वळणावर पुढचे चाक जमीन सोडील.

येथे तेल उपयोगी पडते. चिमटा सरकताना तेलाला बारीक भोकांतून जावे लागते आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत जाते. टांग्याच्या पाट्यांतले घर्षण जे काम आपोआप करत होते, तेच आता मोजून मापून केले जाते.

मग निवड कशी करावी?

चढ, उतार, डांबर आणि दगड असे सगळे एकाच सायकलवर करायचे असेल तर साधारण १२० ते १५० मि.मी. सरकणारा चिमटा पुरतो. अधिक म्हणजे चांगले, असे मात्र नाही. सांगाडा ज्या लांबीच्या चिमट्यासाठी बांधला आहे तीच लांबी ठेवावी. २० मि.मी. लांब चिमटा बसवला की हँडलच्या नळीचा कोन सुमारे एका अंशाने कलतो आणि चढावर पुढचे चाक भरकटू लागते. चाकाचा आकार, आसेची जाडी आणि वरच्या नळीचा व्यास जुळतो का, हेही आधी पाहावे.

स्प्रिंग पोलादी असते किंवा हवेची. हवेची स्प्रिंग हलकी असते, आणि पंपाने दाब बदलून ती स्वाराच्या वजनाला जुळवता येते. शिवाय बॉइल यांच्या १६६२ सालच्या नियमाप्रमाणे आकारमान घटत जाते तसा दाब वाढत जातो. त्यामुळे ती शेवटी शेवटी अधिक ताठ होते आणि मोठ्या खड्ड्यातही सहसा आपटत नाही. पोलादी स्प्रिंग वजनदार, पण साधी असते. वजन बदलले तर मात्र ती स्प्रिंगच बदलावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संदमन. स्वस्त सायकलींवरच्या दिखाऊ चिमट्यात बहुधा नुसती स्प्रिंग असते, तेलाची व्यवस्था नसते. ती स्प्रिंग मोठ्या माणसाच्या वजनासाठी असते. वरच्याच उदाहरणातल्या स्प्रिंगवर ३६ किलोचा मुलगा बसला तर ती ३० ऐवजी १८ मि.मी. बसेल. म्हणजे त्याने वजन वाहायचे, पैसे द्यायचे आणि उपयोग थोडा. पावसाळ्यात चिखल आत शिरून नळ्या गंजल्या की तोही उरत नाही. चांगल्या चिमट्यालाही वेळोवेळी तेल आणि सील बदलावे लागतात. हे काम जवळपास कोण करील, हा प्रश्न खरेदीआधी विचारावा.

म्हणून रोज शाळेत जाणाऱ्या मुलासाठी उत्तर बहुतेक वेळा असे निघते : साधा, मजबूत चिमटा, दोन इंच किंवा त्याहून रुंद टायर, त्यात बेताची हवा आणि भरवशाचे ब्रेक. डोंगरवाटांवर खरोखर वेगाने जायचे असेल आणि देखभाल परवडत असेल, तर तेलाचे संदमन असलेला चिमटा जरूर घ्यावा. मात्र गडांच्या पायऱ्या त्यासाठी नाहीत. २०२५ साली राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे, तेथे पायीच जावे.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांच्या सायकलींपैकी एखादी शॉकअपची असेल तर आतल्या नळीवर एक रबरबँड सीलला टेकवून बसवा. वेगवेगळ्या वजनाच्या मुलांना सायकलवर सावकाश बसवा आणि धक्का न देता उतरवा. सायकल दोघांनी धरावी. प्रत्येक वेळी रबरबँड किती सरकला ते मोजा. वजन आणि सरकलेले अंतर यांचा आलेख काढा. रेषा सरळ आली तर हुक यांचा नियम हाती लागला. वजन वाढूनही सुरुवातीला रबरबँड जागचा हलला नाही, तर नळ्यांतले घर्षण सापडले. मग हँडल दाबून एकदम सोडा. ते खटकन वर आपटले तर आत नुसती स्प्रिंग आहे. जरा रेंगाळत वर आले तर संदमन आहे.

‘चांगली कोणती?’ या प्रश्नाला शिक्षकाने दिलेल्या उत्तरापेक्षा हे उत्तर मुलांच्या अधिक काळ लक्षात राहील. आणि ज्याची सायकल साध्या चिमट्याची आहे, त्याला हिरमुसायचे कारणही उरणार नाही.