हक्कापासून यादीपर्यंत

गीतकार-संगीतकारांचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कागदावर होता. पण आपलं गाणं कुठल्या हॉटेलात वाजलं, कुठल्या ऑर्केस्ट्रात गायलं गेलं, हे एकटा संगीतकार कुठे कुठे पाहत फिरणार? म्हणून १९६९ साली मुंबईत इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे ‘आयपीआरएस’, उभी राहिली. सगळ्यांच्या वतीने परवाने द्यायचे, पैसे जमा करायचे आणि ज्याचे त्याला वाटायचे. पॅरिसच्या ‘सासेम’ने १८५१ मध्येच हा पायंडा पाडला होता.

संस्थेने दर जाहीर केले आणि चित्रपट निर्मात्यांनी हरकत घेतली. वाद कलकत्ता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९७७ चा निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला: पैसे देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक, तसा वेगळा करार नसेल तर, निर्माताच. चित्रपटसंगीतावरच बाजार चालणाऱ्या देशात गाणी रचणारेच वाटणीबाहेर राहिले.

१९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट सोसायट्यांच्या नोंदणीची रीतसर व्यवस्था झाली आणि १९९६ मध्ये आयपीआरएसची नोंदणी झाली. खरी कलाटणी मिळाली ती २०१२ मध्ये. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी लावून धरलेल्या दुरुस्तीने रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकारांना मिळाला, आणि वारस किंवा सोसायटी सोडून तो कुणालाही लिहून देता येणार नाही, अशी तरतूद झाली. संस्थेच्या कारभारातही गीतकार-संगीतकार आणि मालक यांची संख्या सारखी ठेवणं बंधनकारक झालं. नव्या कायद्याखाली फेरनोंदणी व्हायला मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडलं.

एवढं झाल्यावरही पैसे योग्य हाती पडतील की नाही, हे ठरतं कार्यक्रमात गायलेल्या गाण्यांच्या यादीवर. आयोजकाने परवाना-शुल्क भरलं, पण यादीच दिली नाही, तर ती रक्कम वाटायची कुणाला? मग इतर ठिकाणच्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो. त्यात गाजलेल्या चित्रपटगीतांचं फावतं आणि त्या संध्याकाळी खरोखर गायलेलं भावगीत मागे राहतं.

अर्धवट यादीचाही उपयोग नाही. ‘अभंग – तुकाराम’ एवढंच लिहिलं, तर ते गाणं कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही, कारण तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. पण गायलेली चाल ‘अभंग तुकयाचे’ या अल्बममधली असेल, तर ती श्रीनिवास खळ्यांची. संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क टिकतो. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्या चालीवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. ‘गीतरामायणा’त गीतकार गदिमा आणि संगीतकार बाबूजी, दोघांचीही नावं हवीत. गाण्याचा मुखडा, गीतकार, संगीतकार आणि चित्रपट किंवा अल्बम, एवढं नीट लिहिलं की नोंद जुळते. गायकाचं नाव ओळख पटवायला बरं, पण हा पैसा त्याचा नव्हे. गायकांच्या हक्कांसाठी वेगळी संस्था आहे.

आपल्याकडे हे काम खरं तर अर्धं झालेलंच असतं. दिवाळी पहाट असो की भावगीतांची मैफल, निवेदक प्रत्येक गाण्याआधी गीतकार-संगीतकारांची नावं घेतोच. ती त्याच्या संहितेत लिहिलेली असतात. त्यातली न झालेली गाणी खोडायची, आयत्या वेळच्या फर्माइशी जोडायच्या आणि कागद परवान्याच्या क्रमांकासह आयपीआरएसकडे पाठवून द्यायचा. मानधनाचे हिशेब मिटवताना आयोजकांनी हेही उरकून टाकावं.