लैंगिक संक्रमण प्रतिबंध : सातारा–सांगली परिसर

लैंगिक संबंधातून एका व्यक्तीकडून दुसरीकडे पसरणाऱ्या रोगांना पूर्वी ‘गुप्तरोग’ म्हणत. उपदंश (गरमी), परमा व अलीकडच्या काळातील एचआयव्ही संक्रमण यांचा त्यांत समावेश होतो. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यक ग्रंथात ‘फिरंगरोगा’चे वर्णन आढळते. रोगाचा दोष परक्यांवर टाकण्याची प्रवृत्ती त्या नावातूनच दिसते. पुढे हा दोष मुख्यत्वे वेश्यांवर ठेवण्यात आला.

ब्रिटिश अंमलात १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यान्वये वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि रोगी स्त्रियांना रुग्णालयात डांबणे या गोष्टी विहित करण्यात आल्या. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांना मात्र तपासणीचे बंधन नव्हते. त्यामुळे स्त्रिया नोंदणी टाळू लागल्या आणि संसर्गही थांबला नाही. इंग्लंडमध्ये जोसेफीन बटलर यांनी अशाच कायद्याविरुद्ध चळवळ केली. तो कायदा १८८६ मध्ये व हिंदुस्थानातील १८८८ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी समाजस्वास्थ्य (१९२७–५३) या मासिकातून लैंगिक विषयांवर शास्त्रीय माहिती देण्याचा उपक्रम चालविला. त्यासाठी त्यांना अश्लीलतेचे खटलेही सोसावे लागले. १९४३ मध्ये पेनिसिलीन उपदंशावर गुणकारी ठरले व उपचाराचे स्वरूप पालटले.

जुन्या सातारा जिल्ह्यातून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला. १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. पुणे–बंगळूर महामार्गावरील सातारा व कराड, तसेच बाजारपेठ म्हणून सांगली व रेल्वे जंक्शन म्हणून मिरज येथे परगावच्या लोकांची सतत ये-जा असते. कर्नाटकाच्या सीमाभागातून आलेल्या अनेक देवदासी स्त्रिया या परिसरात देहविक्रयावर उपजीविका करीत. १९८६ मध्ये भारतात एचआयव्ही संक्रमण प्रथम आढळले, तेव्हा या स्त्रियांकडे पुन्हा रोगाचे उगमस्थान म्हणून पाहिले जाऊ लागले.

सांगली येथे १९९२ मध्ये मीना शेषू यांच्या नेतृत्वाखालील ‘संग्राम’ (संपदा ग्रामीण महिला संस्था) या संस्थेने गोकुळनगर वस्तीत वेगळा मार्ग अवलंबिला. बाहेरच्या कार्यकर्त्यांऐवजी वस्तीतील स्त्रियांनीच निरोधाचे वाटप व माहितीचा प्रसार करावा, अशी ही पद्धत होती. निरोधाविना आलेल्या गिऱ्हाइकास एकटी स्त्री नाकारू लागली, तर ते शेजारच्या दारी जाई. सर्वांनी मिळून नाकारले, तरच नियम टिके. म्हणून संघटन हेच प्रतिबंधाचे साधन ठरले. त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद (व्हॅम्प) उभी राहिली. पोलिसांचा त्रास, गुंडगिरी व रुग्णालयांतील अपमान यांविरुद्ध तिने आवाज उठविला. कारण भीतीपोटी लपणारी स्त्री दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही.

अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानुसार एड्सनिवारणाचे साहाय्य घेणाऱ्या संस्थांना वेश्याव्यवसायविरोधी धोरण जाहीर करणे आवश्यक झाले. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर काम उभे आहे, त्यांच्याशी ही अट विसंगत असल्याने ‘संग्राम’ने २००५ मध्ये ते साहाय्य नाकारले.

निरोधाच्या नियमित वापराने एचआयव्ही व परमा यांचा धोका पुष्कळच घटतो. उपदंशाची क्षते अथवा परिसर्पासारखे रोग निरोधाने न झाकलेल्या भागातूनही पसरू शकतात. म्हणून रक्ततपासणी, जोडीदारासह पूर्ण उपचार व गरोदर स्त्रियांची तपासणी हीही प्रतिबंधाची अंगे होत. उपदंशामुळे झालेल्या क्षतांतून एचआयव्ही शरीरात सहज शिरतो. त्यामुळे एकावरील उपचार दुसऱ्यापासूनही काही अंशी संरक्षण देतो.

१० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही. गोपनीयतेचे संरक्षणही मिळते. १८६८ चा कायदा स्त्रीला रोगाचे कारण मानीत होता. सांगलीच्या अनुभवाने तीच प्रतिबंधाची मुख्य कार्यकर्ती होऊ शकते, हे दाखवून दिले.