‘अतिशय आक्षेपार्ह’ : एका विशेषणाचा इतिहास

१

मराठी समीक्षेत ‘संहिता’ हा शब्द आपण गेली काही दशके ‘टेक्स्ट’ या अर्थाने वापरीत आलो आहोत. कायद्याच्या क्षेत्रात तो त्याहून आधीपासून रूढ आहे. ही सरमिसळ केवळ शाब्दिक योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. कायदा हीदेखील एक संहिताच असते. तिच्यात पूर्वसंहितांचे अवशेष असतात, तिला वाचकांची परंपरा असते आणि तिचा अर्थ वाचनाच्या कृतीतूनच प्रत्यक्षात येतो. फरक आहे तो परिणामांचा. कवितेच्या दोन वाचनांतील मतभेदातून फार तर वाद उभा राहतो. कायद्याच्या दोन वाचनांतील मतभेदामुळे माणूस तुरुंगात जातो किंवा बाहेर राहतो. म्हणूनच कायद्यातील एखाद्या विशेषणाची वंशावळ तपासणे हे केवळ वकिलांचे काम राहत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय असे एक विशेषण आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात पुढे घातलेल्या कलम ६६-अ मध्ये ‘ग्रॉसली ऑफेन्सिव्ह’ हा शब्दप्रयोग आला. त्याचे मराठी ‘अतिशय आक्षेपार्ह’ असे करता येईल. हे कलम २७ ऑक्टोबर २००९ रोजी अमलात आले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. या साडेपाच वर्षांच्या काळात संगणकाच्या पडद्यावर सामान्य वाचकाने लिहिलेले भाष्य या विशेषणाच्या कक्षेत आले. परंतु हे विशेषण संगणकासाठी जन्मले नव्हते. त्याचा जन्म पाकिटासाठी झाला होता.

२

१८८४ साली ब्रिटिश संसदेने टपाल खात्याच्या संरक्षणार्थ एक कायदा केला. टपालाच्या पुडक्यावर किंवा त्याच्या वेष्टणावर असभ्य, अश्लील अथवा अतिशय आक्षेपार्ह शब्द, खुणा किंवा आकृती असू नयेत, अशी तरतूद त्यात होती. १८९८ च्या भारतीय टपाल कार्यालय अधिनियमाच्या कलम २० मध्ये हीच शब्दयोजना आली. मात्र येथे येताना तिच्यात ‘राजद्रोहात्मक’, ‘शिवराळ’ आणि ‘धमकीवजा’ या विशेषणांची भर पडली. वसाहतीत पोहोचलेल्या विशेषणाला साम्राज्याची चिंता अशी येऊन चिकटली. भारतीय दंड संहितेतील राजद्रोहाचे कलम अधिक रुंद करणारी दुरुस्तीही त्याच १८९८ सालची आहे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी.

या मूळ तरतुदीतील एक सूक्ष्म भेद महत्त्वाचा आहे. अश्लील चित्रे वा पुस्तके पाकिटाच्या आतही निषिद्ध होती. परंतु शब्दांच्या आक्षेपार्हतेची कसोटी पाकिटाच्या बाह्यांगाला लागू होती. बंद पाकिटातील पत्र किती कडवट आहे, याची उठाठेव हे विशेषण करीत नव्हते. पोस्टमनच्या, वर्गीकरण करणाऱ्या कारकुनाच्या, वाटेत ज्याची ज्याची नजर पडेल त्याच्या डोळ्यांपुढे काय यावे, एवढाच त्याचा प्रश्न होता. आत आणि बाहेर यांच्यातील ही रेषा म्हणजे खाजगीपणाचे एक प्राथमिक व्याकरणच होते. अर्थात १८९८ च्या कायद्यानेच सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी पत्रे अडविण्याचा अधिकारही सरकारकडे ठेवला होता. पण तो अपवाद म्हणून सांगावा लागला, यातच नियमाची कबुली होती.

३

विशेषणाच्या प्रवासातील दुसरा टप्पा दूरध्वनीचा. १९३५ च्या ब्रिटिश टपाल दुरुस्ती कायद्याने दूरध्वनीवरून अतिशय आक्षेपार्ह, असभ्य, अश्लील किंवा धमकीवजा स्वरूपाचा संदेश पाठविणे हा गुन्हा ठरविला. एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या ऑपरेटर स्त्रियांना शिवीगाळीपासून संरक्षण मिळावे हा त्यामागील हेतू होता, असे सामान्यतः सांगितले जाते. हेतू रास्त होता. पण येथे विशेषणाने उंबरठा ओलांडला. पाकिटाच्या पृष्ठभागावरून ते संभाषणाच्या आत शिरले.

हीच शब्दावली पुढील कायद्यांतून वाहत २००३ च्या ब्रिटिश कम्युनिकेशन्स अॅक्टच्या कलम १२७ पर्यंत आली. या कलमाचा अर्थ २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर कॉलिन्स खटल्यात लागला. एका गृहस्थाने आपल्या खासदाराच्या कार्यालयात वारंवार दूरध्वनी करून वंशद्वेषी शब्द वापरले होते. लेस्टरशायरमधील दंडाधिकाऱ्यांना आणि त्यानंतर वरच्या न्यायालयातील दोन न्यायाधीशांना ते शब्द निंद्य वाटले, पण ‘अतिशय आक्षेपार्ह’ वाटले नाहीत. लॉर्ड्सनी नेमका उलट निर्णय दिला. गुन्हा संदेश पाठविताक्षणी पूर्ण होतो, तो कोणी ऐकला की नाही हे गौण आहे, आणि कसोटी खुल्या, न्यायी व बहुवांशिक समाजाच्या मानकांची आहे, असे त्यांनी म्हटले.

साहित्याच्या अभ्यासकाला यात एक ओळखीची रचना दिसेल. प्रत्यक्ष श्रोता बाजूला सारून न्यायालयाने एक आदर्श श्रोता कल्पिला. आपल्या काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ हाही असाच कल्पित वाचक आहे. पण सहृदयाची कल्पना आस्वादासाठी आहे. येथील आदर्श श्रोता शिक्षेसाठी आहे. शिवाय तेच शब्द वाचणाऱ्या प्रशिक्षित न्यायाधीशांचेच दोन तट पडत असतील, तर सामान्य लेखणीधारकाने आपल्या शब्दांचे भवितव्य कसे ओळखावे?

‘धमकीवजा’ या जोडविशेषणाचेही असेच झाले. जानेवारी २०१० मध्ये बर्फामुळे विमानतळ बंद पडल्याने वैतागलेल्या एका इंग्रज तरुणाने तो उडवून देण्याची भाषा ट्विटरवर विनोदाने केली. खालच्या दोन न्यायालयांनी त्याला दोषी धरले. हायकोर्टाने जुलै २०१२ मध्ये शिक्षा रद्द केली. येथील प्रश्न शुद्ध साहित्यिक होता : उपरोध आणि अतिशयोक्ती या अलंकारांना कायदा ओळखतो काय?

४

डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील हल्ल्याला महिनाही लोटला नसताना, भारतीय संसदेने फारशी चर्चा न करता माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची दुरुस्ती संमत केली. तीतून कलम ६६-अ जन्मले. संगणक वा संदेशवहनाच्या साधनाने अतिशय आक्षेपार्ह किंवा धमकीवजा माहिती ‘पाठविणे’ हा गुन्हा ठरला. त्रास, गैरसोय, अडथळा, अपमान, वैरभाव अशा परिणामांची एक लांबलचक यादीही त्यात होती. ब्रिटिश कलमात कमाल शिक्षा सहा महिन्यांची होती. येथे ती तीन वर्षांची झाली.

माझ्या मते या कलमातील खरा दोष विशेषणाइतकाच क्रियापदात होता. ‘पाठविणे’ या क्रियेला प्रेषक आणि प्राप्तकर्ता लागतो. पत्राला पत्ता असतो, दूरध्वनीला क्रमांक असतो. परंतु वाचक जेव्हा एखाद्या जाहीर मजकुराखाली आपले मत नोंदवितो तेव्हा तो कोणाला काही पाठवीत नसतो. तो प्रकाशित करीत असतो. मराठीला भाष्यलेखनाची मोठी परंपरा आहे. ‘ज्ञानेश्वरी’ हीच मुळात गीतेवरील टीका आहे. आणि ‘टीका’ या शब्दात आज विवरण आणि दोषदिग्दर्शन हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. भाष्य हा एक जाहीर वाङ्मयप्रकार आहे. त्याला संदेशाचे कलम लावणे हा प्रकारभेदाचाच गोंधळ होता.

छापील युगात वाचकाच्या पत्राला संपादकाची चाळणी असे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव सक्तीचे केले होते; वाचक आणि सरकार यांच्यामध्ये कोणीतरी उत्तरदायी उभा असे. पडद्यावरील भाष्यकार मात्र एकटाच होता. त्याच्यापुढे थेट पोलीस ठाणे होते.

याचा प्रत्यय महाराष्ट्रात आला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. त्यानंतर मुंबई बंद राहिली. या बंदविषयी प्रश्न करणारा मजकूर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. पहिलीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. पुढे खटला मागे पडला, पण त्या अटकेने एक सैद्धान्तिक प्रश्न उघडा केला. दुसऱ्या तरुणीने मूळ मजकूर लिहिला नव्हता. तिने तो वाचला होता आणि पसंतीची खूण केली होती. वाचक हाच अर्थाचा सहनिर्माता आहे, हे सूत्र आपण वर्गात शिकवितो. येथे पोलिसांनी ते आपल्या पद्धतीने अमलात आणले. वाचकाला लेखकत्व मिळाले ते आरोपीच्या रूपाने.

५

कायद्यातील अर्थ वाचकसमुदायावर अवलंबून असतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. १८९७ साली ‘केसरी’तील मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. मूळ मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर न्यायालयापुढे होते. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीला सांगितला. नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपियनांनी दोषी, तर तीन भारतीयांनी निर्दोष असे मत दिले. स्टॅन्ली फिश यांनी १९८० साली अर्थनिर्णायक समुदायांची जी संकल्पना विस्ताराने मांडली, तिचे इतके नेमके आणि इतके क्रूर उदाहरण क्वचितच सापडेल.

पालघरच्या घटनेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१५ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी या विशेषणाची १९३५ पर्यंतची वंशावळ नोंदविली आणि वर उल्लेखिलेले दोन्ही इंग्रजी खटले विचारात घेतले. एकच मजकूर एका न्यायाधीशाला गुन्हा वाटतो व दुसऱ्याला वाटत नाही, तर ते शब्द दंडविधानात राहू शकत नाहीत, हे त्यांच्या युक्तिवादाचे सार होते. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या त्यांनी वेगळ्या केल्या. केवळ तिसऱ्या पायरीवर बंधन येऊ शकते, असे म्हटले. एका व्यक्तीला पाठविलेला संदेश आणि जनसमूहापुढे ठेवलेला मजकूर यांत हे कलम भेदच करीत नाही, हेही त्यांनी दाखविले. १८८४ मध्ये आखलेली आत-बाहेरची रेषा १३१ वर्षांनी एका न्यायालयाला पुन्हा आठवावी लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा त्या रेषेची दुसरी बाजूही घटनेच्या आधारे निश्चित झाली. बोलण्याचे स्वातंत्र्य आणि न बोलता आपल्यापाशी ठेवण्याचे स्वातंत्र्य ही एकाच रेषेची दोन अंगे आहेत.

६

येथे इतिहास संपला असता तर समाधान वाटले असते. परंतु रद्द झालेले कलम मरण पावले नाही. देशात ठिकठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदविले जात राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये निकालाच्या प्रती उच्च न्यायालयांना व राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठविण्याचा आदेश झाला. जुलै २०२१ मध्ये हा विषय पुन्हा आला तेव्हा अॅटर्नी जनरलनी जे स्पष्टीकरण दिले ते संहितेच्या अभ्यासकाने जपून ठेवावे असे आहे : कायद्याच्या पुस्तकात कलम जसेच्या तसे छापलेले असते, ते रद्द झाल्याची नोंद तळटीपेत असते, आणि तळटीप कोणी वाचत नाही. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही, असे न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

संहिता आणि तिची तळटीप यांच्यातील हे नाते चिंतनीय आहे. मुख्य मजकुराला आपण सत्ता देतो आणि टीपेला परिशिष्टाची जागा. येथे मुख्य मजकूर असत्य होता आणि टीप सत्य होती. तरीही ठाणे अंमलदाराने मुख्य मजकूरच वाचला. पाकिटाच्या पृष्ठभागावरचे शब्द नियंत्रित करण्यासाठी निघालेले विशेषण शेवटी पुस्तकाच्या पृष्ठभागावरील शब्दांच्या बळावरच टिकून राहिले. नागरिकाच्या भाष्याला गुन्हा ठरविणारी व्यवस्था स्वतःच्या संहितेवरील सर्वांत महत्त्वाचे भाष्य वाचावयास विसरली. अशा व्यवस्थेपुढे कलम रद्द करून घेणे पुरेसे नसते. वाचनाची सवय बदलावी लागते, आणि ती शिकविण्याची जबाबदारी न्यायालयांइतकीच आपल्या विद्याशाखेवरही येते.