केर्न्स ते केप ट्रिब्युलेशन किनारा : पर्यटन आणि खानपान

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याच्या ईशान्य किनाऱ्यावरचा सुमारे १४० किमी. लांबीचा उष्ण कटिबंधीय पर्यटनपट्टा. दक्षिण टोकाला केर्न्स शहर, मध्यावर पोर्ट डग्लस आणि उत्तरेला डेंट्री नदी ओलांडल्यावर केप ट्रिब्युलेशन. समोरच्या समुद्रातील ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळरांग १९८१ मध्ये, तर किनाऱ्यालगतची पर्जन्यवने १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. केप ट्रिब्युलेशनला जंगल थेट वाळूपर्यंत उतरते आणि ओहोटीच्या रेषेपलीकडे थोड्याच अंतरावर प्रवाळ सुरू होतात. दोन जागतिक वारसास्थळे अशी एकमेकांना खेटून असणे जगात विरळाच. येथे पाहण्यासारखे आणि खाण्यासारखे जे आहे, ते बहुतेक सगळे या दोहोंतून आणि त्यांच्यामधल्या खाड्यांतून येते.

हा मुलूख मूळचा यिडिंजी, यिर्गॅनिजी आणि कुकू यालांजी लोकांचा. केर्न्सच्या जागेला ते गिमुय म्हणतात. जेम्स कुक १० जून १७७० रोजी येथून गेला. दुसऱ्याच रात्री त्याचे ‘एन्डेव्हर’ जहाज उत्तरेकडे प्रवाळावर चढून फुटता फुटता वाचले. १८७६ मध्ये हॉजकिन्सन सोनखाणींचे बंदर म्हणून केर्न्स वसले, पुढच्याच वर्षी पोर्ट डग्लस. रेल्वे केर्न्सच्या वाट्याला आली आणि पोर्ट डग्लस मागे पडले. शंभरेक वर्षे ते मच्छीमारांचे आणि उसाच्या मळ्यांजवळचे लहान गाव राहिले. १९८४ मध्ये केर्न्सला आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला आणि चित्र पालटले.

नवख्या पाहुण्याला पहिला धक्का बसतो तो असा की, या जगप्रसिद्ध किनारी शहराला पोहण्याजोगा किनाराच नाही. केर्न्ससमोर आहे चिखलाचे विस्तीर्ण खाजण. ओहोटीला पाणी दूर ओसरते आणि चिखलावर पाखरे उतरतात; त्यांत सैबेरियातून उन्हाळा घालवायला येणारे कुरलव जातीचे लांब चोचीचे पक्षीही असतात. पक्षीनिरीक्षकाला शहराच्या मुख्य रस्त्यावर उभे राहून असे पक्षी दिसणे ही मोठीच चैन आहे. पोहणाऱ्यांसाठी मात्र नगरपालिकेने २००३ मध्ये एस्प्लनेडवर ४,८०० चौ. मीटरचा खाऱ्या पाण्याचा तलाव बांधला. गाळलेले पाणी, वाळूचा उतार, दिवसभर जीवरक्षक आणि प्रवेश मोफत, त्यामुळे संध्याकाळी निम्मे शहर तिथे असते. सार्वजनिक पैसा इतक्या नेमकेपणाने खर्च झालेला क्वचितच पाहायला मिळतो.

शहराबाहेरचे पुळणीचे किनारे सुरेख आहेत, पण त्यांनाही अटी आहेत. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात पाण्यात विषारी जेलीफिश असतात. त्यांतील मोठ्या पेटी-जेलीफिशचे शास्त्रीय नाव कायरोनेक्स फ्लेकेराय, केर्न्सचे डॉक्टर ह्यूगो फ्लेकर यांच्या नावावरून पडलेले. दुसरी इरुकांजी जेमतेम नखाएवढी असते. तिच्या डंखाने सुरुवातीला फारसे काही वाटत नाही. मग अर्ध्या तासात पाठ, पोट आणि छातीत असह्य वेदना, उलट्या आणि वाढता रक्तदाब. ही लक्षणे नेमकी कशाने होतात हे कळत नव्हते. १९६१ मध्ये केर्न्सचे डॉक्टर जॅक बार्न्स यांनी तो चिमुकला जीव पकडला आणि त्याचा डंख स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला देऊन पाहिला. तिघांनाही रुग्णालयात न्यावे लागले. आजच्या वैद्यकीय नीतीत हे बसणार नाही, पण कारण सिद्ध झाले आणि त्या जीवाला कारुकिया बार्नेसाय हे नाव मिळाले. आता हंगामात किनाऱ्यांवर जाळ्यांची कुंपणे घालतात. ती मोठ्या जेलीफिशला अडवतात, इरुकांजीला पुरती अडवू शकत नाहीत. म्हणून लोक अंगभर ताणकापडाचा पोशाख घालून उतरतात. किनाऱ्यावरच्या खांबांना अडकवलेल्या व्हिनेगरच्या बाटल्या कुणी विसरून गेलेल्या नसतात; डंख झाल्यावर ते त्वचेवर ओतले की न फुटलेल्या विषपेशी निकामी होतात.

खाड्या आणि नदीमुखे मगरींची आहेत. खाऱ्या पाण्यातील मगरीला क्वीन्सलंडमध्ये १९७४ पासून संरक्षण असून तिची संख्या सावरली आहे. इशाऱ्याची पिवळी पाटी असेल तेथे पाण्याच्या काठाशीही थांबू नये. मगर पाहायची तर डेंट्री नदीतल्या नौकाफेरीत. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी मगरी चिखलाच्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात.

प्रवाळांची सफर ही येथील मुख्य गोष्ट. केर्न्सहून पाऊण तासाच्या बोटप्रवासावर ग्रीन बेट आहे. प्रवाळाच्या चुऱ्यावर तयार झालेल्या या इवल्याशा बेटावर चक्क पर्जन्यवन वाढले आहे. फिट्झरॉय बेट डोंगराळ आहे, तर ‘मिकल्मस के’ हे बेट समुद्रपक्ष्यांचे. पोर्ट डग्लसहून मोठ्या कॅटमरान नौका बाहेरच्या कडेवरील एजिनकोर्ट रीफला नेतात. पोहता न येणाऱ्यांसाठी काचेच्या तळाच्या होड्या असतात. जून-जुलैत उत्तरेकडच्या रीफपाशी लहान मिंकी देवमासे माणसांच्या जवळ येतात. प्रत्येक प्रवाशाच्या तिकिटात सागरी उद्यानाचे दैनिक शुल्क असते. ही रांग संकटात आहे हे लपवण्यात अर्थ नाही. २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ असे वारंवार समुद्राचे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले. काही भाग सावरले, काही नाहीत. तरीही चांगल्या जागी उतरलेल्या माणसाला पाण्याखाली जे दिसते, ते आयुष्यभर पुरते.

मराठी वाचकाला येथील मासळीच्या बाजारात परके वाटण्याचे कारण नाही. हॉटेलांच्या यादीत सर्वांत वर असणारा बॅरामंडी म्हणजे रायगडच्या खाड्यांतला जिताडाच. शास्त्रीय नाव एकच, लेटेस कॅल्केरिफर. तो नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणूनच १२० सेंमी.हून मोठा मासा पकडल्यास सोडावा लागतो आणि पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत त्याच्या मासेमारीला बंदी असते. वर्षभर मिळतो तो बहुधा तळ्यांत पाळलेला. येथे त्याचा कालवणाशी संबंध नाही. कातडीच्या बाजूने तव्यावर कुरकुरीत करून लिंबासोबत वाढतात, आणि ताज्या माशाला ती पद्धत शोभते. ‘स्पॅनिश मॅकरेल’ ही आपली सुरमई. तिचा साठा घटल्याने २०२३ पासून तिच्या पकडीवर कडक मर्यादा आहे. खाडीतला मोठा खेकडा आपल्या चिंबोरीच्या वंशातला. क्वीन्सलंडमध्ये मादी ठेवून घेणे गुन्हा असून नराचे कवच किमान १५ सेंमी. रुंद असावे लागते. चिलीच्या तिखट-गोड रसातला हा खेकडा हातानेच खावा लागतो. कोरल ट्राउट हा लालसर, निळ्या ठिपक्यांचा प्रवाळातला मासा चवीला सर्वांत नाजूक. त्याला हाँगकाँग-चीनमध्ये जिवंत स्वरूपात मागणी असल्याने येथेही तो महागच पडतो. शेवंडीच्या गोतातला चपटा ‘बग’ उभा चिरून लोणी-लसणीत भाजतात.

कोळंबी बहुतेक वेळा बोटीवरच उकडून थंड केलेली येते. ती किलोवर घ्यायची, साले काढायची, लिंबू पिळायचे, बास. केर्न्सच्या धक्क्याला बांधलेल्या जुन्या मासेमारी नौकांवर ‘प्रॉन स्टार’ नावाचे खाद्यगृहच आहे. डेकवर बसून कोळंबी, कालवे आणि बग खायचे, खाली नौका हलत असते. याहून स्वस्त मार्ग एस्प्लनेडवरच्या मोफत विजेच्या शेगड्यांचा. पोलादी पृष्ठभाग, एक बटण. दाबले की तवा तापतो, काही वेळाने आपोआप बंद होतो, पुन्हा दाबायचे. बाजारातून मासा आणून कुटुंबेच्या कुटुंबे येथे जेवतात आणि निघताना तवा पुसून ठेवतात. या किनाऱ्यावरचे सर्वांत मोकळे जेवण हेच.

शाकाहाऱ्यांनी शुक्रवार ते रविवार भरणारा केर्न्सचा रस्टीज बाजार गाठावा. १९७५ पासूनच्या या बाजारात लाओसमधून आलेल्या ह्माँग शेतकरी कुटुंबांचा मोठा वाटा आहे. रामबुतान, मँगोस्टीन, फणस, सीताफळाचे भाऊबंद आणि ब्लॅक सपोटे, ज्याचा गर पूर्ण मऊ झाल्यावर चॉकलेटच्या खिरीसारखा काळपट होतो. उन्हाळ्यात पठारावरच्या मरीबाकडचा आंबा येतो. ‘केन्सिंग्टन प्राइड’ ही तेथील मुख्य जात. तिचे मूळ भारतात असावे आणि भारताशी घोड्यांचा व्यापार करणाऱ्या जहाजांवरून ती दक्षिणेकडच्या बोवेनला पोहोचली, असे मानले जाते. रसाळ, जरा धागेदार; हापूसशी तुलना करून तिच्यावर अन्याय करू नये. मूळ रहिवाशांच्या अन्नपरंपरेतील लेमन मर्टलची पाने, आंबट डेव्हिडसन प्लम आणि भाजलेले वॉटल बी आता चांगल्या हॉटेलांतही वापरतात.

केर्न्समागच्या डोंगरावरील कुरंडा गावाला १८९१ पासून रेल्वे जाते. हाताने खोदलेले १५ बोगदे आणि बॅरन धबधबा ही तिची आकर्षणे. परतीला १९९५ मध्ये सुरू झालेला ७.५ किमी.चा रज्जुमार्ग घ्यावा, म्हणजे जंगलाचे छत वरून दिसते.

उत्तरेकडे कॅप्टन कुक महामार्ग डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यातून जातो. वाटेत पाम कोव्ह लागते. तेथील जुने पांढऱ्या सालीचे वृक्ष न तोडता हॉटेले त्यांच्या भोवती बांधली आहेत. पोर्ट डग्लसला फोर माइल बीच आणि रविवारचा बाजार. पुढे मोसमन घळीत कुकू यालांजी वाटाडे पाहुण्यांना धुराने शुद्ध करून जंगलात नेतात आणि कोणती वनस्पती फेसाळते, कोणते फळ विषारी, हे हातात देऊन दाखवतात. या भागातील सर्वांत मोलाचा अनुभव हाच. २०२१ मध्ये डेंट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी याच लोकांकडे परत आली.

डेंट्री नदीवर पूल नाही; तारेने ओढली जाणारी तर मोटारी पलीकडे नेते. पलीकडे सार्वजनिक वीजजाळे नाही, मोबाइलचाही भरवसा नाही. रस्त्यावर कॅसोवरी हा माणसाएवढा, न उडणारा पक्षी आडवा येतो. जंगलातील मोठ्या बिया दूरवर पसरवण्याचे काम मुख्यतः त्याचेच, म्हणून गाडी सावकाश हाकावी. तेथील एक आइस्क्रीम कंपनी आपल्या बागेतल्या फळांचे आइस्क्रीम एका पेल्यात चार चवींत देते. त्या दिवशी जे पिकले, त्यावर चवी ठरतात.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा, सोयीचा काळ. जुलैत गर्दी आणि दर दोन्ही चढतात. भटारखाने रात्री साडेआठ-नऊलाच बंद होतात, रविवारी व सुटीच्या दिवशी बिलावर अधिभार लागतो, बक्षिसीची सक्ती नसते. डिसेंबर २०२३ मधील जॅस्पर चक्रीवादळाने काही ठिकाणी आठवड्याच्या आत २,००० मिमी.हून जास्त पाऊस पाडला, महामार्गावर दरडी कोसळल्या आणि डेंट्रीपलीकडची वस्ती तुटून पडली. पावसाळ्यात तिकडे निघण्यापूर्वी रस्ता व तर चालू असल्याची त्याच सकाळी चौकशी करावी.