गॅसगळतीचा इशारा मोबाईलवर कसा येतो?

७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एका कारखान्यातून स्टायरिन वायू गळला. सायरन वाजलाच नाही. आसपासच्या लोकांना जाग आली ती उग्र वासाने आणि डोळ्यांच्या जळजळीने.

२०२३ मध्ये सरकारने चाचणी घेतली तेव्हा अनेकांचे फोन अचानक मोठ्याने वाजून थरथरले होते, आठवतंय? ते तंत्रज्ञान म्हणजे सेल ब्रॉडकास्ट. एसएमएस प्रत्येक नंबरला वेगळा पाठवावा लागतो, त्यामुळे गर्दीच्या वेळी रखडतो. सेल ब्रॉडकास्टमध्ये मोबाईल टॉवर रेडिओ केंद्रासारखा एकच संदेश प्रसारित करतो आणि त्याच्या टप्प्यातले फोन तो एकदमच पकडतात. नंबर लागत नाही, इंटरनेटही नाही. माल घेऊन आलेल्या परगावच्या ट्रकचालकालाही इशारा मिळू शकतो.

सायरनने फक्त धोका कळतो, काय करायचं ते कळत नाही. संदेशात ते लिहिता येतं: घरात थांबा, दारं-खिडक्या आणि एक्झॉस्ट फॅन बंद करा किंवा अमुक दिशेने बाहेर पडा. वारा कुठे वाहतोय त्यावर हे ठरतं.

खरी अडचण टॉवरच्या आधीची आहे. इशारा सरकारी यंत्रणा पाठवते, कारखाना नाही. कारखान्याने गळती कळवायला उशीर केला तर वायू संदेशाआधी पोहोचतो. म्हणून सायरन हवाच. १९८९ च्या नियमांनुसार धोकादायक रसायनं मोठ्या प्रमाणात हाताळणाऱ्या कारखान्याने शेजाऱ्यांना धोका आणि खबरदारी आधीच सांगायला हवी. डोंबिवली, तारापूरसारख्या एमआयडीसींजवळ राहत असाल तर ही माहिती मागा. आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ शोधून ते चालू आहेत ना, हे बघा.